बारा जणींचा हाय-टी आणि त्याचा चोख हिशेब

चार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतल्या आम्ही अकरा जणी दुपारच्या चहाला एका कॅफेत गेलो होतो. बिल आलं ८,१४० रुपये. कुणीतरी म्हणालं, "अकराने भागा गं, कुणी काय खाल्लं ते कुठे बघत बसायचं!" भागलं. प्रत्येकी ७४० आले. माझ्या समोर बसलेल्या ताईंनी एक चहा आणि एक टोस्ट, एवढंच घेतलं होतं. त्यांनी पर्सची चेन उघडली, पाचशेची एक नोट काढली, मग शंभराच्या दोन काढल्या. मग आतल्या कप्प्यातला छोटा बटवा काढला आणि त्यातून दहा-दहाची चार नाणी टेबलावर एकापुढे एक ठेवली. तोंडातून शब्द नाही. पुढचे तीन महिने त्या कशालाच आल्या नाहीत. विचारलं की म्हणायच्या, गुडघे दुखतात.

मी एकतीस वर्षं एका सहकारी बँकेत कॅशियर होते. दिवसअखेर एक रुपया जुळला नाही तर घरी जायचं नाही, अशी सवय. आणि त्या चहाचं आयोजन माझंच होतं. फोनवर मी सगळ्यांना "पाचेकशे होतील" एवढंच सांगितलं होतं. "पाचेकशे"मधल्या त्या "एक"ची किंमत त्या ताईंनी नाण्यांत मोजली, हे मला आजही बोचतं. त्यानंतर आम्ही सहा वेळा गेलो. इराण्याकडे गेलो, साध्या उडप्याकडे गेलो आणि गेल्या वर्षी दक्षिण मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलातही जाऊन आलो. एकदाही कुणाला टेबलावर पर्स उघडावी लागली नाही. ते कसं जमवलं, ते सांगते.

आधी चिठ्ठ्या, मग हॉटेल

आपण बहुतेक वेळा उलटं करतो. कुणीतरी फोनवर फोटो दाखवतं, तीन मजली स्टँड, इवलेसे केक, खिडकीतून समुद्र. सगळ्या "वा, जाऊया!" म्हणतात आणि मग दर कळतो. एकदा "जाऊया" झालं की ज्या बाईला परवडत नाही ती "नाही" म्हणू शकत नाही. ती एक तर कारण काढून गळते किंवा घरातला दुसरा खर्च मारून येते. म्हणून जागेचं नाव निघायच्या आधी आकडा निघाला पाहिजे.

आमची पद्धत अशी. भिशीच्या दिवशी सगळ्या जमलेल्या असतात, तेव्हा वहीचा एक कागद फाडून त्याचे सारखे बारा तुकडे करायचे. सगळे एकाच कागदाचे, म्हणजे चिठ्ठी कुणाची ते ओळखू येत नाही. पेनही एकच फिरवायचं. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही, फक्त आकडा. प्रश्न मी अगदी शब्द मोजून विचारते: "घरात कुणाला न विचारता, आणि महिन्याच्या खर्चातलं काही कमी न करता, एका दुपारसाठी तुम्ही जास्तीत जास्त किती देऊ शकता?" हे "घरात कुणाला न विचारता" फार महत्त्वाचं. एखादीच्या नवऱ्याची पेन्शन भरपूर असते, पण हातात येणारे पैसे मोजके असतात. तिचा आकडा तिच्या हातातल्या पैशांचाच असायला हवा.

चिठ्ठ्या घडी करून पोह्यांच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या. उघडायच्या मात्र एकटीने, घरी. सगळ्यांसमोर उघडल्या की वाचतानाच कुणीतरी म्हणतं, "अय्या, एवढेच?" आणि लिहिणारी तिथेच बसलेली असते.

गेल्या वर्षीच्या आमच्या डब्यात सगळ्यात मोठा आकडा ३,००० होता. पाच जणींनी १,५०० लिहिलं होतं, बाकीच्या मधल्या कुठल्यातरी आकड्यावर होत्या आणि एका चिठ्ठीवर ८०० होतं. बजेट ठरलं ८००. सरासरी काढायची नाही. सरासरीत तीन हजारवालीचे पैसे आठशेवालीच्या पर्समध्ये जात नाहीत, फक्त आठशेवाली बाहेर पडते. सगळ्यात हलकी पर्स जिची, तिचा आकडा तो सगळ्यांचा आकडा. हा एक नियम पाळला तर बाकीचं सगळं गणितच आहे.

तीन हजारवालीने मग काय करायचं? तिने आपल्या घरच्यांबरोबर हवं तिथे जावं. "मी दोघींचे भरते" असंही कधीकधी कुणी मायेने म्हणतं. मी ते घेत नाही. देणारी विसरते, घेणारी विसरत नाही.

आठशेत बसत नसेल तर

दोन रस्ते आहेत. पहिला, आठशेत बसेल अशी जागा शोधायची, आणि मुंबईत अशा जागांना तोटा नाही. मेट्रो सिनेमाच्या समोर क्यानी अँड कंपनी आहे, १९०४ पासून. सीएसएमटीहून रमतगमत चालत गेलं तरी पंधरा-वीस मिनिटं लागतात. बन मस्का, मावा केक, इराणी चहा, वर एखादं आम्लेट, आणि खर्च आठशेच्या कितीतरी अलीकडे. मोठ्या घोळक्याने अशा ठिकाणी गेलं की एकत्र बसायला मिळेलच असं नाही, तीन-चार टेबलांत वाटून घ्यायची तयारी ठेवायची. सुट्टीचा दिवस टाळला की पुष्कळ सोपं जातं.

दुसरा रस्ता, पैसे साठवायचे. गेल्या वर्षी बायकांना एकदा तरी मोठ्या हॉटेलात बसायचं होतं, म्हणून मी दुसऱ्यांदा डबा फिरवला. या वेळी प्रश्न होता, "दर महिन्याला किती?" सगळ्यात लहान चिठ्ठी २०० ची निघाली. दहा महिने, बारा जणी, प्रत्येकी २००. म्हणजे २४,००० रुपये, डोई २,०००. आठशे एकदम द्यायला जिला जड होतं, तिला महिन्याला दोनशे जड नव्हते.

हा पैसा भिशीच्या पैशात मिसळायचा नाही. भिशीची रक्कम ज्या महिन्याला जिची, तिची असते. त्यातून "तात्पुरते" काढून ठेवले की कधी ना कधी घोळ होतोच. आमच्यासाठी वेगळी वही आहे, लाल कव्हरची. तारीख, नाव, रक्कम, रोख की जीपे, आणि देणारीची सही. सही मी जीपेवाल्यांचीही घेते. बँकेतली सवय म्हणा, पण सही केली की देणारीलाही आपले किती झाले ते आकड्यात दिसतं. माझ्या खात्यात आलेले पैसे त्याच दिवशी वहीत चढतात आणि महिनाअखेरीला वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर जातो. कुणाचा एखादा महिना चुकला तर मात्र ग्रुपवर नाही, तिला एकटीला फोन करायचा.

हाय-टी म्हणजे नक्की काय मिळणार, ते आधी कळू द्या

यात पैशांचा मोठा फरक पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. इंग्लंडात दुपारच्या चहाची चाल १८४० च्या सुमाराला डचेस ऑफ बेडफर्डने पाडली असं सांगतात. दुपारचं जेवण आणि रात्रीचं उशिराचं जेवण यांच्या मधल्या भुकेला चहा, ब्रेड-बटर, केक. त्यातूनच तो तीन मजली स्टँड आला. खाली बोटभर सँडविच, मध्ये स्कोन, म्हणजे छोटा जाडसर बन, आणि त्याबरोबर क्रीम-जॅम, वर गोड. तिथे हाय-टी हा शब्द मात्र कामगारांच्या संध्याकाळच्या पोटभर जेवणाला होता. आपल्याकडच्या हॉटेलांनी नाव हाय-टीचं घेतलं, थाट डचेसचा ठेवला, आणि पुष्कळ ठिकाणी त्यात आपला चाट, पावभाजी, डोसा घालून बुफे केला. मुंबईत हाय-टी म्हटलं की जुन्या लोकांना ताजमहाल हॉटेलातलं सी लाउंजच आठवतं. हॉटेल १९०३ चं, समोरचं गेटवे १९२४ चं, म्हणजे त्या खिडक्यांनी गेटवे बांधताना पाहिलं असणार. आमच्यातल्या एकीचं लग्न ठरवायच्या आधी दोन्ही घरची मंडळी तिथे चहाला भेटली होती. त्या अजून तिथल्या कपबश्यांचं वर्णन करतात.

तर मुद्दा असा, की बुफे असेल तर ते रात्रीचं जेवणच असतं. दुपारी घरून हलकं खाऊन निघायचं आणि रात्रीच्या जेवणाचा खर्च धरायचा नाही. स्टँड असेल तर पोट भरत नाही. मग परतताना स्टेशनवर वडापाव, सरबत, घरी नेण्यासाठी पार्सल, असे डोई शंभर-दीडशे सहज जातात आणि ते कुणीच धरलेले नसतात. दोन्ही ठिकाणी कार्डावरचा दर सारखा दिसला तरी खिशातून जाणारा पैसा सारखा नसतो.

स्टँड असेल तर आणखी एक विचारायचं, एक स्टँड एकीचा की दोघींचा? आमच्यात पाच जणींना साखरेचा त्रास आहे. वरचा मजला तसाच परत जातो. दोघींत एक स्टँड आणि एक जादा चहा चालतो का, त्या जादा चहाचे किती, हे फोनवरच विचारून घ्यावं. काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी माणशी एक घ्यावाच लागतो. आणि स्कोनमध्ये, केकमध्ये अंडं असतं का, हेही. अंडं न खाणाऱ्या बाईने पूर्ण पैसे भरून काकडीची चार सँडविचं खायची, हे बरोबर नाही.

फोनवर विचारायचं ते

हॉटेलच्या माणसाला "किती पडतील?" असं विचारलं की तो कार्डावरचा आकडा सांगतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला विचारलंय तेवढंच सांगतो. म्हणून माझं वाक्य ठरलेलं आहे: "बारा जणी येणार आहोत. सगळं धरून, शेवटच्या ओळीत माणशी किती येईल, ते मला सांगा." आणि मग एकेक करून फोड विचारते.

कर. नुसत्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी पाच टक्के असतो. पण ज्या हॉटेलात खोलीचं एका रात्रीचं भाडं साडेसात हजारांच्या वर जातं, त्याच्या आतल्या रेस्टॉरंटला अठरा टक्के. एकच चहा, एकच स्कोन, पण दरवाजा कुठला त्यावर कर ठरतो. आमच्या हॉटेलचा कार्डावरचा दर १,४५० होता. त्यावर अठरा टक्के म्हणजे २६१, झाले १,७११. हाच दर एखाद्या साध्या रेस्टॉरंटमध्ये असता तर १,५२२ रुपये ५० पैसे झाले असते. बारा जणींत फरक सव्वादोन हजारांच्या वर जातो.

सेवा शुल्क. हे कराहून वेगळं आहे आणि सरकारकडे जात नाही. काही ठिकाणी दहा टक्के आपोआप बिलात येतं, आणि त्यावर पुन्हा जीएसटीही लागतो. म्हणजे १,४५० चे आधी १,५९५ होतात आणि त्यावर अठरा टक्के धरून १,८८२. बारा जणींत दोन हजारांहून जास्त वाढतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, की हे शुल्क आपोआप लावता येणार नाही, ते ग्राहकाच्या मर्जीवर आहे. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. बिलात दिसलं तर "हे काढून द्या" असं शांतपणे सांगता येतं, नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पण बारा जणी टेबलावर बसलेल्या असताना वाद घालण्यापेक्षा बुकिंगच्या वेळीच विचारून घेणं कितीतरी बरं. मी तसंच केलं. त्यांनी "लावत नाही" असं सांगितलं, मी त्यांना ते ईमेलवर लिहून पाठवायला सांगितलं, आणि त्यांनी पाठवलं. मग जे आम्हाला स्वतःहून द्यायचं होतं, त्याचे ६०० रुपये मी वेगळ्या पाकिटात ठेवले. ज्या मुलाने बारा जणींच्या "बिनसाखरेचा", "कडक", "दूध वेगळं" अशा फर्माइशी हसत ऐकल्या, त्याच्या हातात ते गेले याचं मला समाधान आहे.

पाणी. इथे मीच चुकले आणि ते पुढे हिशेबात दिसेलच. टेबलावर बसताक्षणी बाटली उघडली जाते. बाटलीवरच्या छापील किमतीपेक्षा हॉटेल जास्त घेऊ शकतं, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तसा निकाल दिलेला आहे. म्हणून सगळ्या बसायच्या आधी, दारातच, "आम्हाला साधं पाणी" असं एकीने सांगायचं. हे काम कुणाचं ते आधी ठरवून ठेवायचं.

बाकी तीन-चार गोष्टी झटपट. आगाऊ रक्कम किती आणि रद्द केलं तर ती परत मिळते का. किमान इतक्या जणी यायलाच हव्यात, असं आहे का. आठवड्याच्या मधल्या दिवसाचा दर आणि शनिवार-रविवारचा दर वेगळा आहे का, कारण बरेचदा असतो. सगळ्यांना एका टेबलावर बसवणार की दोन. सवलतीचं कूपन असेल तर ते हाय-टीला चालतं का आणि बारा माणसांना चालतं का, कारण पुष्कळ कुपनं चार-सहा माणसांवर थांबतात.

तारीख कालनिर्णय बघून

बुफेला माणशी पैसे असतात. तुम्ही खा किंवा खाऊ नका. आमच्यात संकष्टी करणाऱ्या चौघी आहेत, एकादशी करणाऱ्या तिघी. एकदा मी आनंदाने बुधवार ठरवून बसले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, त्या दिवशी संकष्टी आहे, चंद्रोदयाशिवाय मी काही खात नाही." चार जणींचे पूर्ण पैसे भरून चौघींनी नुसता चहा प्यायचा, म्हणजे सात हजार पाण्यात गेले असते. तेव्हापासून मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर घेते आणि मगच फोन उचलते. श्रावणातले सोमवार, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, सगळं बघायचं. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या असतील तर चाट आणि पावभाजी त्यांच्या कामाची नाही, म्हणजे पुन्हा पैसे वाया.

आमच्यासारख्या डोंबिवलीहून जाणाऱ्यांनी रविवार शक्यतो टाळावा. मेगाब्लॉक लागला की गाड्या उशिरा, गर्दी जास्त, आणि वेळ गाठायची म्हणून कुणीतरी कॅब बोलावतं. तिथे हजार-बाराशे गेले की महिन्यांची बचत एका तासात गेली. मधल्या वारी दुपारी साडेबाराच्या सुमाराची फास्ट पकडली की लेडीज डब्यात बऱ्याच जणींना बसायला मिळतं. येताना गर्दीची वेळ होतेच, पण सीएसएमटीहूनच सुटणारी गाडी पकडायची आणि एक सोडून दुसरीची वाट बघायची तयारी ठेवायची. रेल्वेचं तिकीट आम्ही फंडात धरत नाही, जिचं तिने काढायचं, कारण दोघींकडे पास असतो.

टॅक्सी मात्र फंडातून. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चौघी बसतात, बारा जणींना तीन टॅक्स्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये झालं. आमचं हॉटेल स्टेशनपासून दोन-अडीच किलोमीटरवर होतं, म्हणून मी सिग्नलचं थांबणं धरून टॅक्सीला ६० धरले. जाण्या-येण्याच्या सहा फेऱ्या, ३६० रुपये. सुट्ट्या नोटा घरूनच तीन पाकिटांत घालून एकेका टॅक्सीतल्या एकीकडे दिल्या. म्हणजे उतरताना "तुझ्याकडे सुटे आहेत का गं" हा गोंधळ नाही.

गळती

बारा ठरल्या की अकराच येतात, हे गृहीत धरावं. कुणाला ताप येतो, कुणाकडे नातवंडं येतात. आमचा नियम आम्ही पैसे जमा करायच्या पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होता: हॉटेलला पक्का आकडा कळवायच्या आदल्या दिवसापर्यंत कुणी गळली तर तिचे सगळे पैसे परत. त्यानंतर गळली तर तिने आपल्या जागी कुणालाही पाठवावं. सून, बहीण, शेजारीण, कुणीही. आदल्या रात्री आमच्यातल्या एकीला खरंच ताप आला. तिच्या सुनेने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सासूची साडी नेसून आली. सगळ्यात जास्त फोटो तिचेच आहेत. नियम आधी लिहिलेला असला की आजारी बाईशी पैशांचं बोलावं लागत नाही.

आणि एकूण रकमेचे दहा टक्के मी आधीपासून कुठल्याच खर्चाला नेमून देत नाही. आमच्या २४,००० मधले २,४०० आधीच बाजूला होते. ते कुठे खर्च होणार हे माहीत नसतं, पण होतात.

बिल आल्यावर

बिल एकीनेच घ्यायचं, एकीनेच वाचायचं, एकीनेच भरायचं. मी चष्मा लावून तीन गोष्टी बघते. माणसांची संख्या बरोबर आहे का, न मागितलेलं काही आहे का, आणि कराची ओळ. सीजीएसटी आणि एसजीएसटी असे कराचे दोन सारखे भाग दिसतात, ते दोन वेगवेगळे कर समजून घाबरायचं नाही. अठरातले नऊ आणि नऊ.

आमच्या बिलात तीन बाटल्या पाणी होतं. मी दारात सांगायचं विसरले. कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघत बसले आणि तेवढ्यात झाकणं उघडली होती. एक बाटली २५०, तीन मिळून ७५०, कर धरून ८८५ रुपये. बाजूला ठेवलेल्या त्या २,४०० मधून गेले.

त्या रात्री घरी येऊन, पाय गरम पाण्यात सोडून, मी वही उघडली. जमा २४,०००. हाय-टी १,७११ गुणिले बारा, २०,५३२. टॅक्सी ३६०. बक्षीस ६००. पाणी ८८५. खर्च २२,३७७. शिल्लक १,६२३. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारा पाकिटं केली, प्रत्येकात १३५ रुपये, आणि जिना चढून दारोदार देऊन आले. ज्यांच्या सुनेने जागा भरली त्यांचं पाकीट त्यांनाच दिलं. एकशे पस्तीस ही काही मोठी रक्कम नव्हे, पुढच्या खर्चाला ठेव, असं तिघी म्हणाल्या. मी ऐकलं नाही. उरलेला पैसा जिचा तिला गेला पाहिजे, तरच ती पुढच्या वेळी न मोजता देते.

चार वर्षांपूर्वी दहाची नाणी मोजणाऱ्या त्या ताईंनी दारातच पाकीट उघडून बघितलं, "परत पण देतेस होय गं?" म्हणाल्या, आणि मला आत बोलावून चहा टाकला. आलं घालून, साखर कमी. गुडघ्यांबद्दल मी विचारलं नाही.

तीन रुपये उरले. ते नव्या पानावर आरंभीची शिल्लक म्हणून लिहिलेत. येत्या भिशीला पोह्यांचा डबा पुन्हा फिरेल.